वीस दिवसांमागे एक

एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी नऊ वर्षं गेली. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला ती खोली. तिला जाळीची खिडकी, आणि पाळी सुटली की खिडकीबाहेर रांग. शिमग्याच्या आधी, भातलावणीच्या तोंडावर आणि गणपतीला पंधरा दिवस उरले की रांगेतल्या निम्म्या हातांत रजेचे अर्ज असायचे. त्या अर्जांत मी जेवढ्या आज्या वारलेल्या पाहिल्या, तेवढ्या एखाद्या साथीतही गेल्या नसतील. एका फिटरची आजी चार वर्षांत तीनदा गेली. माणसाला आज्या दोन असतात, म्हणून दोन वेळा मी काही बोललो नाही. तिसऱ्या वेळी विचारलं, तर खाली मान घालून म्हणाला, ‘‘चुलत होती, साहेब.’’

गंमत म्हणजे त्याच्या रजेच्या कार्डावर तेव्हा एकवीस दिवस शिल्लक होते. घाम गाळून कमावलेले. ते घ्यायला कुणाला मारावं लागत नाही. कारखाने अधिनियमात अट एवढीच होती, की अर्ज लेखी हवा आणि पंधरा दिवस आधी द्यायला हवा. कारण लिहा असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. पण ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर तोवर मलाही ठाऊक नव्हतं. अर्जाचा छापील नमुना होता, त्यात ‘रजेचे कारण’ अशी ओळ होती, आणि ओळ आहे म्हटल्यावर भरली पाहिजे असं आम्ही दोघंही समजत होतो.

घोळ थोडासा शब्दातच आहे. रजा हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ संमती. राजी, राजीखुशी, राजीनामा ही सगळी त्याच कुळातली भावंडं. पाहुणा उठताना ‘रजा घेतो’ म्हणतो, म्हणजे निघायची परवानगी मागतो. त्यामुळे रजा म्हटली की कुणीतरी द्यायची आणि कुणीतरी हात जोडून मागायची, हे चित्र भाषेनेच आपल्या डोक्यात घालून ठेवलं आहे. सरकारी नोकरीत तर रजा नियमांतच म्हटलं आहे की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. खासगी नोकरीतला माणूसही तेच आपल्याला लागू आहे असं धरून चालतो. त्याच्यासाठी असलेला कायदा मात्र वेगळं बोलतो. तो म्हणतो, तू इतके दिवस काम केलंस, तर इतके दिवस तुझे झाले. संमतीचा प्रश्न येतो तो ‘कधी’ घ्यायची एवढ्यापुरता.

हा हिशेब आपल्याकडे तसा उशिराच आला. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टीसुद्धा भांडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मागणी लावून धरली, आणि गिरणीमालकांनी रविवार मान्य करायला १८९० चा जून उजाडला. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असंही सांगतात. पण काम बंद ठेवायला मिळणं वेगळं आणि बंद दिवसाचे पैसे मिळणं वेगळं. गिरणीतला माणूस मुलखाला गेला की त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राहायचा आणि गावी गेलेल्याचे तेवढे दिवस खाड्यात जायचे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३६ साली वर्षाला किमान सहा कामाचे दिवस भरपगारी सुट्टी असावी असा करार संमत केला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवडे मिळाले. आपल्याकडे कारखान्यातल्या कामगाराला वर्षाला दहा दिवसांची पगारी सुट्टी १९४५ च्या दुरुस्तीने मिळाली. नंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला आणि वीस दिवसांमागे एक हे प्रमाण रुजलं. देश बदलला, गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले, हे प्रमाण मात्र जागचं हललेलं नाही.

वीस दिवसांमागे एक म्हणजे वीस दिवस प्रत्यक्ष काम केलं की एक दिवस खात्यात जमा. आठवड्याची सुट्टी, सण, आजारपण हे त्या विसात धरत नाहीत. सहा दिवसांच्या आठवड्यात माणसाचे वर्षाला तीनशेच्या आसपास दिवस भरतात, म्हणजे पंधरा रजा. अपूर्णांकाचा नियम साधा आहे. अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण दिवस धरायचा, कमी असेल तर सोडून द्यायचा. समजा वर्षात ३१० दिवस भरले. भागिले वीस, साडेपंधरा, म्हणून सोळा. दिवस ३०९ भरले तर उत्तर १५.४५ येतं आणि हातात पंधराच पडतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केलेल्या एका खाड्याने पगार कापला जायचा आणि पुढच्या वर्षातली एक रजाही जायची. हे कळल्यावर त्या आठवड्यात काही लोक ताप अंगावर काढून कामाला यायचे. मी त्यांना हे गणित समजावून सांगितलं, याची मला अजून थोडी लाज वाटते.

पण वीसच्या आधी एक दार होतं, २४० दिवसांचं. वर्षात किमान २४० दिवस काम झालं असेल तरच हा हिशेब सुरू व्हायचा, एरवी शून्य. त्यातही थोडी माणुसकी होती. बाळंतपणाच्या रजेचे ठरावीक दिवस, मालकानेच काम नाही म्हणून घरी बसवलेले दिवस आणि मागच्या वर्षीची कमावलेली रजा भोगली ते दिवस, हे तिन्ही २४० भरायला धरायचे. त्यांच्यावर नवीन रजा मात्र पिकत नव्हती. म्हणजे दार उघडायला हे दिवस चालत होते, आत जाऊन माप घ्यायला नाही.

आता कारखान्यातून बाहेर येऊ. दुकान, हॉटेल, बँकेचं बॅक ऑफिस, आयटी कंपनी, जाहिरात संस्था यांना महाराष्ट्रात दुसरा कायदा लागू होतो. लोक त्याला अजूनही गुमास्ता कायदा म्हणतात. जुना कायदा १९४८ चा होता. त्याच्या जागी २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लागू झाला. रजेपुरतं त्याचं कलम १८ वाचलं तरी पुरे. माझी भाची पुण्याला हिंजवडीत एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. नोकरी लागली तेव्हा तिने मला फोनवर विचारलं, ‘‘मामा, सीएल आणि पीएलमध्ये फरक काय? आमच्याकडे एचआर म्हणते, दोन्ही एकच.’’ एकच नाही.

सीएल म्हणजे किरकोळ रजा. या कायद्यात ती वर्षाला आठ दिवस आहे, भरपगारी. ती तिमाहीला दोन-दोन करून खात्यात पडते आणि ३१ डिसेंबरला उरलेली बुडते. ती पुढे जात नाही, तिचे पैसे होत नाहीत. पाइपलाइन फुटली, मुलाच्या शाळेत बोलावणं आलं, लोकल बंद पडली अशा दिवसांसाठी ती आहे. पीएल म्हणजे कमावलेली रजा, वीस दिवसांमागे एक, २४० दिवसांच्या अटीसह, पुढच्या वर्षी वापरायची. ती ४५ दिवसांपर्यंत साठते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही मालकाने ती नाकारली, तर ४५ च्या वर जाणाऱ्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क मिळतो. एक बुडणारी आणि एक साठणारी. बऱ्याच कंपन्या दोन्ही एका भांड्यात ओततात आणि वर्षअखेर सगळंच ओतून देतात. भाचीच्या कंपनीत नेमकं तेच चाललं होतं. डिसेंबरमध्ये मेल यायची, रजा संपवा नाहीतर लॅप्स होतील, आणि वर्षअखेरचा ताळेबंद जवळ आला म्हणून त्याच महिन्यात रजा मंजूरही होत नसत.

तिचा आणखी एक प्रश्न मला आवडला. आठवडा पाच दिवसांचा असेल तर? गणित करून बघा. ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ गेले, राहिले २६१. सणाच्या आठ सुट्ट्या वजा केल्या की २५३, आठ किरकोळ रजा वजा केल्या की २४५. म्हणजे २४० च्या दारापाशी माणूस जेमतेम पोचला. आठवड्याहून जास्त दिवस डेंग्यूने झोपला, तर कायद्याचं अक्षर धरून बसणारा मॅनेजर त्याला दारातच अडवणार. हा उंबरठा सहा दिवसांच्या आठवड्याच्या काळात घातलेला आहे, आणि पाच दिवस मान मोडून काम करणाऱ्याला तो उगाच उंच पडतो. चांगल्या कंपन्या तिकडे लक्षच देत नाहीत, सरसकट अठरा-वीस रजा देऊन टाकतात. कायदा सांगतो ते किमान. त्याहून जास्त द्यायला कुणाची मनाई नाही.

सणांच्या सुट्ट्यांवर मात्र आपल्याकडे दर वर्षी खरी लढाई होते. या कायद्यात आठ पगारी सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. १ मे आपल्याकडे कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन दोन्ही, म्हणून एका दगडात दोन पक्षी, आणि सुट्टी एकच. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या असतात. मिळून, हा शब्द महत्त्वाचा. हा कायदा कारखान्याचा नसला, तरी आमच्याकडेही डिसेंबरात सुट्ट्या ठरवायला बैठक व्हायची. गणेशचतुर्थीवर सगळ्यांचं एकमत, त्यात कोकणवाले निम्मे. दिवाळीत मात्र फाटाफूट. घाटावरच्यांना पाडवा हवा, व्यापारी घरातल्यांना लक्ष्मीपूजन, आणि ज्यांच्या बहिणी जवळ राहतात त्यांना भाऊबीज. ईदचं काय, नाताळचं काय, आंबेडकर जयंतीचं काय? एका वर्षी तिढा सुटेना, तेव्हा सगळ्यात जुना कामगार म्हणाला, ‘‘दसऱ्याला मशीन पुजायचं असतं, त्या दिवशी येऊच की. दसरा सोडा, ती सुट्टी जयंतीला द्या.’’ ते पटलं. पुढे बरीच वर्षं तसंच चाललं. आता अनेक कंपन्यांत ही यादी मुंबई किंवा बंगळूरच्या मुख्य कचेरीतून छापून येते आणि ‘मिळून’चा भाग मेलच्या तळाशी ‘कृपया नोंद घ्यावी’ एवढ्यात आटपतो.

मतदानाचा दिवस या आठांत येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-ब कलमाने ती स्वतंत्र पगारी सुट्टी आहे, आणि खासगी नोकरदारालाही आहे. दुकान मालकाने त्या दिवसाचा पगार कापला तर तो दंडाला पात्र होतो.

आजारपणाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. एसएल, मेडिकल, सिक लीव्ह हे कायद्याने मिळतंच असं बहुतेकांना वाटतं. कारखाने अधिनियमात वेगळी आजारी रजा कधीच नव्हती आणि महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यातही नाही. कंपनी देते ती तिची रीत, नेमणूकपत्रातली किंवा युनियनच्या करारातली. कायद्याने आजारपणाचा भार दुसरीकडे टाकला आहे, कर्मचारी राज्य विमा योजनेवर, म्हणजे ईएसआयवर. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के घालतो, आणि आजारी पडल्यावर योजनेच्या डॉक्टरचा दाखला असेल तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या सत्तर टक्के मिळतात. म्हणजे वीस हजारवाल्याला डेंग्यू झाला तर कागदोपत्री का होईना सोय आहे; पंचवीस हजारवाल्याला कंपनीची मर्जी. ईएसआयच्या दवाखान्यातली रांग पाहून बरेच जण तो सत्तर टक्क्यांचा नाद सोडतात आणि पीएल टाकतात, हेही मी पाहिलं आहे.

बाळंतपणाची रजा हा मोठा विषय, इथे दोन वाक्यांत सांगतो. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर, आणि ही रजा पीएलमधून वजा करता येत नाही. बापासाठी खासगी क्षेत्रात कायद्याने एक दिवसही नाही.

आता कमी बोललं जातं त्याकडे. हे सगळं कुणाला? कोपऱ्यावरच्या साडीच्या दुकानात सहा जणी उभ्या असतात, बसायला स्टूलही नसतं. त्यांना यातलं काहीच नाही. २०१७ चा कायदा दहा आणि त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांनाच लागू झाला. दहाच्या आतल्या मालकाने फक्त आपण दुकान चालवतो हे कळवायचं. आणि २०२५ साली राज्य सरकारने ही मर्यादा दहावरून वीसवर न्यायचं ठरवलं. छोट्या व्यापाऱ्याला कागदपत्रांचा जाच कमी, हे त्याचं कारण सांगितलं गेलं, आणि जाच असतो हे मीही नाकारणार नाही. पण पंधरा माणसांच्या हॉटेलातल्या वेटरच्या आठ किरकोळ रजा त्या जाचाबरोबर वाहून जातात, तेव्हा त्याच्याशी कुणी बोललेलं नसतं. दुसऱ्या टोकाला, मॅनेजर, गोपनीय काम पाहणारे, देखरेख करणारे यांनाही हा कायदा वगळतो. त्यांना मिळतं ते नेमणूकपत्रात लिहिलेलं. म्हणून अनेक कंपन्यांत दोन वर्षांच्या अनुभवाच्या पोरालाही ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हणतात. पदवीने माणूस मोठा होतो आणि कायद्याच्या कक्षेतून बाहेर जातो असं मालकाला वाटतं. न्यायालयं अशा वेळी पद बघत नाहीत, तो दिवसभर प्रत्यक्ष काय करतो ते बघतात.

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत जुना कारखाने अधिनियम विरघळला. रजेच्या बाबतीत तिने एक गोष्ट खरोखर चांगली केली. २४० चं दार १८० वर आणलं. भाचीचं ते २४५ चं गणित आता काठावर राहत नाही. वीस दिवसांमागे एक हे प्रमाण तसंच आहे, भूमिगत खाणीत उतरणाऱ्याला पंधरामागे एक. रजा पुढच्या वर्षी तीसपर्यंत नेता येते, वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. अर्ज करूनही नाकारलेली रजा असेल, तर ती कितीही साठू शकते, तिला तिसाची मर्यादा नाही. म्हणून अर्ज लेखी करायचा आणि नकारही लेखी घ्यायचा. तोंडी ‘बघू पुढच्या महिन्यात’ याला हिशेबात किंमत नाही. हल्ली मेल असते, ती पुरते. संहितेचा उंबरठा दहा कामगारांचा आहे, राज्याने आपला वीसवर नेला, त्यामुळे मधल्या आकाराच्या दुकानांत कोणाला कशाखाली काय मिळतं यावर वकिलांची काही वर्षं बरी जातील. जिथे करारात किंवा दुसऱ्या कायद्यात आधीपासून जास्त मिळतं, तिथे संहितेने ते कमी होत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

‘सँडविच’ हा शब्द मी टाइम ऑफिस सोडल्यानंतर ऐकला. शुक्रवारी रजा, सोमवारी रजा, मग मधले शनिवार-रविवारही रजेतच धरायचे, चार दिवस वजा. पावाच्या दोन कापांमध्ये काय घालायचं हे मालकाने ठरवायचं, असा हा प्रकार. कारखाने अधिनियमात तो कधीच बसत नव्हता. रजेच्या आधी, मध्ये किंवा शेवटी येणारी सुट्टी रजेत मोजायची नाही, असं त्यात स्पष्ट होतं, आणि नव्या संहितेतही कमावलेल्या रजेबद्दल तसंच आहे. आमचे मॅनेजर एकदा नवीन आले होते. त्यांनी गणपतीला गेलेल्या बारा जणांचे रविवार कापले. युनियनचा सेक्रेटरी खिडकीशी आला, अधिनियमाची पिवळी पडलेली पुस्तिका उघडून त्याने कलम ७९ वर बोट ठेवलं आणि काही न बोलता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी रविवार परत आले.

रजेचे पैसे किती, यातही एक मेख असते. जुन्या कायद्यात रजेच्या दिवसाचा दर म्हणजे रजेवर जाण्याआधीच्या महिन्यातल्या पूर्ण कमाईची सरासरी, महागाई भत्त्यासह. फक्त ओव्हरटाइम आणि बोनस वगळून. सलग चार दिवस किंवा जास्त रजा असेल तर तो पगार निघण्याआधी हातात द्यायचा. गावी जाणाऱ्याच्या खिशात पैसे हवेत, हे १९४८ साली कुणाच्या तरी लक्षात होतं. प्रत्यक्षात रजा विकताना बहुतेक कंपन्या फक्त बेसिक धरायच्या, आणि बेसिक इतकं बारीक ठेवायच्या की ते हिशेबात दिसायला चष्मा लागावा. तीस हजारांच्या पगारात बेसिक नऊ हजार, बाकी घरभाडं, वाहन, ‘विशेष भत्ता’. मग एका रजेचे झाले ९,००० भागिले ३०, तीनशे रुपये. काही कंपन्या २६ ने भागतात, तर ३४६. नव्या वेतन संहितेत वेतनाची व्याख्या अशी आहे की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. म्हणजे तीस हजारांत वेतन किमान पंधरा हजार, आणि तीच रजा पाचशेची. दहा वर्षांची रजा साठवलेल्याला हा फरक जाणवेल.

नोकरी सोडताना शिल्लक कमावलेल्या रजेचे पैसे द्यावेच लागतात, राजीनामा दिला तरी आणि काढून टाकलं तरी. नोकरी सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत चुकता करा, असं नवी वेतन संहिता म्हणते. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ ही कंपन्यांची सवय आहे. ती सवय एका कागदाने सुटेल असं मला वाटत नाही, पण भांडायला आता आकडा आहे. शिल्लक रजा नोटीस काळात परस्पर वळती करणं जुन्या कायद्यालाही मान्य नव्हतं. नोकरीत असतानाच रजा विकली तर ते पैसे करपात्र. नोकरी सोडताना मिळाले तर खासगी नोकरदाराला २५ लाखांपर्यंत करमाफी मिळू शकते. २००२ पासून ही मर्यादा तीन लाखांवर अडकून बसली होती, ती २०२३ साली हलली. पण २५ लाख ही वरची मर्यादा आहे. दहा महिन्यांचा सरासरी पगार, वर्षाला तीस दिवसांच्या हिशेबाने शिल्लक रजेची किंमत, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, या सगळ्यांत जे कमी तेवढंच माफ.

दाद कुठे मागायची? कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, दुकान-कंपनी असेल तर कामगार आयुक्तांचं कार्यालय. मुंबईत दुकानांचं काम महापालिका पाहते. निरीक्षकाला २०१७ च्या कायद्यात ‘सुविधाकार’ असं गोड नाव दिलं आहे. तक्रार करताना नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि रजेचा तक्ता जवळ हवा. आमच्या काळी रजेचं कार्ड कामगाराजवळ असायचं, पुठ्ठ्याचं, तेलाचे डाग पडलेलं, कडा झिजलेलं. आता ती नोंद ॲपमध्ये असते, आणि राजीनामा दिला त्या संध्याकाळी लॉगिन बंद होतं. म्हणून भाचीला मी एकच शिकवलं, दर तीन महिन्यांनी शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट घेऊन ठेव.

मागच्या गणपतीला ती आमच्याकडे आली होती. जेवणं झाल्यावर सोफ्यावर बसून दोन दिवसांची पीएल टाकत होती. अर्जाच्या चौकटी भरत ‘कारण’पाशी थांबली. त्या शब्दापुढे लाल तारा, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिने ‘वैयक्तिक’ लिहिलं. ॲप म्हणालं, किमान वीस अक्षरं हवीत.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘वैयक्तिक वैयक्तिक वैयक्तिक वैयक्तिक वैयक्तिक’.

रजा लगेच मंजूर झाली.